इट्स आणि इट्स: कानाला एकच, कागदावर दोन

हा भाग रेकॉर्ड करताना मी तीनदा थांबलो आणि आता लिहून काढताना परत अडकलोय. कारण आजचा विषय ऐकून कळत नाही आणि देवनागरीत लिहून दिसत नाही. इंग्रजीतले दोन वेगळे शब्द, दोन्हींचा उच्चार 'इट्स'. म्हणून आधी आपण नावं ठेवून घेऊ. एक आहे आय-टी-एस, सलग लिहिलेला. त्याला म्हणू बिनकॉमाचा इट्स. दुसरा आहे आय-टी, मग वरच्या बाजूला लटकलेला छोटा कॉमा, मग एस. तो कॉमावाला इट्स. त्या चिन्हाला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. पण आमच्या शाळेत सगळे 'वरचा कॉमा'च म्हणायचे, आणि मला अजूनही तेच नाव जास्त आवडतं.

विषय निघाला तो मेहकरकडच्या एका श्रोतीच्या व्हॉइस नोटवरून. बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. ती म्हणाली, "दादा, चूक शोधा या प्रश्नात माझे दर वेळी याच एका जागी मार्क जातात. सरांना विचारलं तर म्हणतात, पाठ कर. पण काय पाठ करू? दोन्ही म्हणताना सारखंच तर आहे." त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. म्हणजे मिळायचा तो मार्क मिळत नाही, वरून खिशातले चार आणे जातात. आणि पाठ करून हे येत नाही, यात ती अगदी बरोबर आहे.

तर पाठांतर बाजूला ठेवू. मराठी येतं ना? मग अर्धं काम झालेलं आहे.

आपण रोज बोलताना 'येतोय' म्हणतो. मुळात ते काय आहे? 'येतो आहे'. 'झालंय' म्हणजे 'झालं आहे'. 'नाहीये' म्हणजे 'नाही आहे'. दारावर थाप पडली की आई आतून ओरडते, "कोणंय?" म्हणजे 'कोण आहे?' दोन शब्द घाईत एकमेकांत घुसले आणि मधलं काहीतरी गळून पडलं. इंग्रज लोकही हेच करतात. फरक इतकाच, की आपण गळालेल्या अक्षरांची खूण ठेवत नाही आणि ते ठेवतात. वरचा कॉमा ही ती खूण. इथे काहीतरी होतं, ते आम्ही खाल्लं, एवढंच तो सांगतो.

मग कॉमावाला इट्स म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. आपल्या 'झालंय'चा भाऊ. आणि बिनकॉमाचा इट्स म्हणजे 'त्याचं, त्याची, त्याचा'. त्यात काहीच गळालेलं नाही, म्हणून खूणही नाही.

तपासायचं कसं? 'येतोय'चं 'येतो आहे' करून बघतो तसं. वाक्यातला इट्स फोडून 'इट इज' म्हणा. वाक्य उभं राहिलं तर कॉमा द्या. नाही राहिलं तर 'इट हॅज' म्हणून बघा. तरीही कोसळलं तर कॉमा नको.

आता आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय ना? लॉकडाऊन चालू होता आणि प्रत्येकाच्या स्टेटसला तेच फोटो. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे नंतर तपासणीत कळलं. तर त्या फोटोखाली समजा कोणी लिहिलं, 'इट्स चेंज्ड कलर'. या तीन शब्दांत कॉमा दिला तर ते होतं 'इट हॅज चेंज्ड कलर', म्हणजे सरोवराने रंग बदललाय. पूर्ण वाक्य, बातमी. कॉमा काढला तर होतं 'त्याचा बदललेला रंग'. हे वाक्यच नाही, नुसता तुकडा आहे. ऐकणारा पुढे वाट बघत बसेल, की त्या बदललेल्या रंगाचं पुढे काय? शब्द तेच, क्रम तोच. कॉमाने बातमीचा तुकडा केला. परीक्षावाले नेमके असेच प्रश्न काढतात.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. 'रामचं पुस्तक' लिहिताना राम, वरचा कॉमा, एस असं लिहितो. म्हणजे मालकी दाखवायला कॉमा लागतो. मग 'त्याचं' दाखवताना इट्सला का नाही? हा अन्याय नाही का?

नाही. परत मराठीकडे या. 'घोडा'ला मालकी लावायची तर आपण 'घोड्या' करून 'चा' जोडतो, घोड्याचा. 'राम'चं 'रामाचा'. पण 'मी'चं काय करतो? 'मीचा' म्हणतो का? 'तूचं घर' म्हणतो का? 'माझं', 'तुझं' हे तयार शब्द आहेत. घाटाखाली आमच्याकडे तर त्याचं 'मायं' आणि 'तुयं' होतं, पण तेही तयारच, जोडलेलं नाही. इंग्रजीतही नावाला जोड द्यावी लागते, सर्वनामाला मात्र तयार कपडे मिळतात. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. 'हिज' लिहिताना एच-आय-एसच्या मधे कधी कोणी कॉमा घालतं का? नाही ना. बिनकॉमाचा इट्स हा हिजचाच धाकटा भाऊ आहे.

धाकटा हे मी उगाच म्हटलं नाही. इंग्रजीत हा शब्द खरंच उशिरा आला. आधी निर्जीव वस्तूसाठीही 'हिज'च वापरायचे. १६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या नावाचं बायबल छापलं गेलं, त्याच्या मूळ आवृत्तीत हा इट्स शब्द नाही. १६ व्या शतकाच्या शेवटी तो नुकता कुठे लिहिण्यात यायला लागला होता. आणि गंमत म्हणजे पुढची दीडदोनशे वर्षं चांगली शिकलेली माणसंही बऱ्याचदा त्याला कॉमा देऊन लिहायची. अमेरिकेची राज्यघटना १७८७ ची. तिच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात राज्यांच्या तपासणी कायद्यांबद्दल एक वाक्य आहे, तिथे 'त्याचे' या अर्थाने कॉमावाला इट्स आहे. मूळ हस्तलिखितात, ठळक. म्हणजे आज ज्याला पाव मार्क कापतात ती गोष्ट एका देशाच्या घटनेत बसलेली आहे.

मग तेव्हा 'इट इज'चं काय करायचे? त्याचं 'टिज' करायचे. कॉमा आधी, मग टी-आय-एस. जुन्या कवितांमध्ये दिसतं ते. पुढे टिज मागे पडला, 'इट इज'साठी कॉमावाला इट्स रूढ झाला, आणि मालकीवाल्याचा कॉमा काढून घेतला. थोडक्यात, एकाच चिन्हावर दोन दावेदार होते, पुढे निकाल एकाच्या बाजूने लागला. तुम्ही गोंधळता यात तुमचा दोष कमी आणि या वाटणीचा जास्त आहे.

अजून एक आतली गोष्ट. रामच्या एसआधी जो मालकीचा कॉमा येतो, तोही मुळात गळालेल्या अक्षराचीच खूण आहे. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला बऱ्याच नामांना शेवटी 'ई-एस' लागायचं. पुढे त्यातला ई खाल्ला गेला आणि जागी कॉमा राहिला.

बाकीच्या जोड्या आता पटापट घेतो, कारण चावी तीच आहे.

'युअर' दोन. वाय-ओ-यू-आर म्हणजे 'तुझं, तुमचं'. वाय-ओ-यू, कॉमा, आर-ई म्हणजे 'यू आर', 'तू आहेस'. 'युअर सिलेक्टेड' अशी मेल आली आणि कॉमा नसला तरी आनंद व्हायचा तो होतोच, पण आधी पाठवणारा खरा आहे का ते बघा. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांच्या मेलमध्ये असल्या चुका खूप असतात. अर्थात मेल शुद्ध असली म्हणजे माणूस प्रामाणिक, असंही नाही.

'हूज' दोन. डब्ल्यू-एच-ओ-एस-ई म्हणजे 'कोणाचं' किंवा 'ज्याचं'. कॉमावाला म्हणजे 'हू इज' किंवा 'हू हॅज'. आईचं 'कोणंय?' आठवा. 'कोणंय'ला कॉमा, 'कोणाचं'ला नाही.

'देअर' तीन आहेत आणि हे जरा जास्त छळतात. टी-एच-ई-आर-ई म्हणजे 'तिथे'. त्यातला पहिला टी झाकला तर उरतं 'हिअर', म्हणजे 'इथे'. इथे आणि तिथे एका घरातले. टी-एच-ई-आय-आर म्हणजे 'त्यांचं'. यातला टी झाकला तर उरतं एच-ई-आय-आर, आणि त्याचा अर्थ माहितीये काय? वारस. सातबाऱ्यावर वारसाची नोंद झाली की जमीन 'त्यांची' होते. मला हे कळल्यापासून हा शब्द मी कधी चुकलो नाही. तिसरा म्हणजे टी-एच-ई-वाय, कॉमा, आर-ई. 'दे आर', 'ते आहेत'. फोडून बघा, झालं.

आता 'युवर्स'. हा खास आपला रोग आहे. रजेचा अर्ज, खाली डावीकडे 'युवर्स फेथफुली' किंवा 'युवर्स ओबिडियंटली', आणि त्या आर आणि एसच्या मधे ठसठशीत कॉमा. माझ्या दहावीच्या वहीत तो सगळीकडे आहे. आमच्या वर्गात फळ्यावरच तसं लिहिलेलं असायचं आणि आम्ही इमानेइतबारे उतरवायचो. तो चूक आहे. युवर्स, हर्स, अवर्स, देअर्स, यातल्या एकालाही कॉमा नाही, कधीच नाही. सर्वनामांत 'वन्स' नावाचा एक अपवाद आहे, 'स्वतःचं, एखाद्याचं' या अर्थाचा. त्याला कॉमा लागतो, पण तो रोजच्या वापरात फारसा येत नाही. तुमच्या रेझ्युमेसोबतच्या पत्रात शेवटी 'युवर्स' असेल तर आत्ता, हा भाग थांबवून, उघडून बघा. मी थांबतो.

बघितलं? चला.

आता माझी फजिती सांगतो, कारण इथपर्यंतचं सगळं मार्कांचं होतं आणि हे कामाचं आहे. पहिल्या नोकरीत होतो. टेस्ट सर्व्हरवर एका युजरचे रेकॉर्ड खराब झाले होते, ते काढून टाकायचे होते. मी तिकिटात इंग्रजीत लिहिलं, 'डिलीट द युजर्स रेकॉर्ड्स'. कॉमा दिलाच नाही. कोण देतो? कॉलवर चेन्नईच्या सहकाऱ्याला तेच तोंडी सांगितलं. त्याने ऐकलं 'युजर्स', बहुवचन. एकाचे नाही, सगळ्यांचे. त्याने टेबल रिकामं केलं.

शेवटचा बॅकअप चार दिवस जुना होता. चार दिवसांत टेस्टिंगवाल्यांनी हाताने भरलेला सगळा डेटा गेला. खऱ्या ग्राहकांचा नव्हता, हे नशीब. तरी शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत चार जणं बसून भरत होतो आणि त्यात तो बिचारा चेन्नईवाला माझी माफी मागत होता. चूक माझी होती. मी सोमवारी सांगितलं, पण त्या रात्रीच सांगायला हवं होतं.

झालं काय, तर 'युजर्स' हा आवाज तीन प्रकारे लिहिता येतो. शेवटी नुसता एस, म्हणजे अनेक युजर. आर आणि एसच्या मधे कॉमा, म्हणजे एका युजरचं. एसच्या नंतर कॉमा, म्हणजे अनेक युजर्सचं. कानाला तिन्ही एकच. मी मराठीत बोललो असतो तर हे घडलंच नसतं, कारण 'युजरचे' आणि 'युजर्सचे' हे ऐकूनच वेगळे कळतात. आणि लिहिण्यात तर आपल्याकडे अनुस्वार आहे. 'मुलीचं' आणि 'मुलींचं'. 'शेतकऱ्याचा' आणि 'शेतकऱ्यांचा'. एक टिंब, आणि एकाचे अनेक झाले. इंग्रजीत तेच काम कॉमाची जागा करते.

म्हणून कॉलेजच्या गेटवरचे बोर्ड एकदा नीट वाचा. 'गर्ल्स हॉस्टेल'मध्ये एलनंतर कॉमा आणि मग एस असेल, तर त्याचा सरळ अर्थ होतो 'मुलीचे वसतिगृह'. एका मुलीचं. तीन मजले, गेटवर वॉचमन, मेसचा डबा, सगळं एकटीसाठी. मराठी बोर्डावर 'मुलीचे वसतिगृह' असं लिहिलेलं दिसलं तर आपण फोटो काढून ग्रुपवर टाकू. इंग्रजीत तीच चूक वर्षानुवर्षं ऊनपाऊस खात उभी असते. बरोबर लिहायचं तर एस आधी, कॉमा नंतर.

जागा कशी ठरवायची? आधी मालक पूर्ण लिहा. तो पूर्ण झाल्यावर कॉमा द्या. मालकाच्या शेवटी आधीच बहुवचनाचा एस असेल तर थांबा, नसेल तर एस जोडा. मुली अनेक, म्हणून गर्ल्स पूर्ण, मग कॉमा, थांबा. 'मुलांचं' म्हणायचंय, मालक 'चिल्ड्रन', शेवटी एन आहे, कॉमा, मग एस. 'वुमेन'चंही तसंच. सामान्यरूप आधी, 'चा' नंतर, हे आपण तिसरीत असताना नकळत करत होतो.

नोकरी शोधणाऱ्यांनो, रेझ्युमेत हे दोन ठिकाणी लागतं. 'टू इयर्स एक्स्पिरियन्स' असं लिहायचं तर तो दोन वर्षांचा अनुभव, म्हणून इयर्सच्या एसनंतर कॉमा. 'वन इयर्स' असेल तर एसच्या आधी. झंझट नको असेल तर मधे 'ऑफ' घाला, 'टू इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स', कॉमाची गरजच संपली. मी तेच करतो. दुसरं 'बॅचलर्स डिग्री'. एका बॅचलरची, म्हणून आरनंतर कॉमा, मग एस. 'मास्टर्स'चं तसंच. पण 'बॅचलर ऑफ टेक्नॉलॉजी' असं पूर्ण लिहिलं की ना एस, ना कॉमा.

आणि नुसत्या बहुवचनाला कॉमा लागत नाही. 'समोसाज', 'मोबाइल्स', 'टायर्स', यांच्या मधे कॉमा घातलेले बोर्ड खामगावच्या बाजारापासून लंडनच्या भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे सापडतात. इंग्लंडात तर या चुकीला भाजीवाल्याचंच नाव पडलेलं आहे. तिथे जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली या कॉमाच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती. २०१९ मध्ये त्यांनी ती बंद केली आणि कारण दिलं ते वय आणि लोकांचा आळस. म्हणजे ज्यांची भाषा आहे तेही चुकतात. माझा अंदाज असा, की ते भाषा कानाने शिकतात म्हणून चुकतात. आपण पुस्तकातून शिकलो तेव्हा इट्सच्या चुका कमी करायचो. आता आपणही रील आणि यूट्यूब ऐकून शिकतोय, त्यामुळे त्यांच्या चुकाही आपल्याकडे यायला लागल्यात.

फोनवर विसंबू नका, हेही सांगायचंय. कीबोर्डवर हा कॉमा सहसा चिन्हांच्या पानावर लपलेला असतो, म्हणून आपण तो टाकत नाही आणि ऑटोकरेक्टवर सोडतो. 'डोन्ट'मध्ये कॉमा विसरलात तर तो टाकतो, कारण बिनकॉमाचा तसा शब्दच नाही. पण 'वी विल'चं छोटं रूप कॉमा न देता लिहिलं की होतं 'वेल'. 'आय विल'चं होतं 'इल', म्हणजे आजारी. 'वी आर'चं होतं 'वर', म्हणजे होतो. हे सगळे खरे शब्द आहेत. फोनला वाटतं तुम्हाला तेच म्हणायचंय. कधी तो अंदाज लावतो, कधी उलटा लावतो, आणि इट्सच्या बाबतीत तर बरोबर लिहिलेलंही बिघडवतो.

कोडिंग करणाऱ्यांसाठी एक जाताजाता. स्मार्ट पंक्च्युएशन चालू असलेला फोन सरळ कॉमाच्या जागी वळलेला कॉमा टाकतो. दिसायला भाऊभाऊ, पण मशीनसाठी वेगळी अक्षरं. सरळ असलेल्याचा नंबर ३९, वळलेला युनिकोडमध्ये २०१९ वर बसतो. व्हॉट्सॲपवर आलेली कमांड टर्मिनलमध्ये चिकटवली आणि ती चालेना, तर आधी हे तपासा. मी एकदा यावर पाऊण तास घालवलाय.

शेवटचा प्रश्न कालच आला, चिखलीहून. आडनाव 'व्यास' असेल तर 'व्यासांचं घर' इंग्रजीत कसं लिहायचं, शेवटी आधीच एस आहे? घर एका व्यासांचं असेल तर दोन्ही चालतं. कॉमा देऊन आणखी एक एस जोडा, किंवा नुसता कॉमा देऊन सोडा. छापणाऱ्यांमध्येही यावर एकमत नाही. फक्त एका पत्रिकेत दोन प्रकार करू नका, नाहीतर वरपक्ष विचारेल.

मेहकरच्या ताईसाठी गृहपाठ म्हणून मी खाली दहा वाक्यं लिहिणार होतो, पण देवनागरीत ती लिहून उपयोग काय! फोटो करून टेलिग्रामवर टाकतोय. तुम्हाला कुठे 'मुलीचे वसतिगृह' दिसलं तर फोटो पाठवा, संस्थेचं नाव तेवढं कापून.